दुसरी पुडी माझी होती

जबाब. मी स्नेहलता सुधाकर चिंचोलकर, वय ७१ वर्षे, सेवानिवृत्त शिक्षिका, राहणार मलकापूर, घरी एकटी. पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन सांगते की,

रोहिणखेडचे वैद्य अर्जुनराव यांनी मंजुळाबाईंना दम्याच्या औषधाची दुप्पट मात्रा दिली, अशी तक्रार आज झाली आहे. अर्जुनरावांनी प्रत्येकाला एकच पुडी दिली. दुसरी पुडी माझी होती. हे सांगणे भाग पडल्याने मी आले.

अर्जुनराव कोजागरीला खिरीतून सोमलतेचे चूर्ण देतात. त्याने श्वास मोकळा होतो, झोप उडते, छाती धडधडते. सूर्योदयापर्यंत झोपायचे नसते, म्हणून रोग्यांना जोडीने बसवतात. देऊळघाटच्या मंजुळाबाई आणि मी सहा वर्षे जोडीला बसतो. एरवी आमची भेट नाही.

रक्तदाबामुळे माझ्या डॉक्टरांनी हे औषध केव्हाच बंद केले. मी पुडी घेऊन पदराखाली ठेवत असे. या वेळी मंजुळाबाईंनी पाहिले.

“बाई, पुडी काऊन लपवून राह्यल्या?”

“मला चालत नाही.”

“मंग एवढ्या दुरून येता कायले?”

मी पुडी पुन्हा पदराखाली सारली. त्या हसल्या.

“देवाच्या नावाचं औषध मातीत नाही टाकत. आना इकडं. तुमचा दमा बी मीच खाते.”

मी नको म्हटले. त्यांनी पुडी आपल्या खिरीत कालवली. मी वाटी काढून घेतली नाही.

पहाटे “बाई, छातीत मोटर चालून राह्यली” म्हणाल्या आणि कलंडल्या. रुग्णवाहिकेतून मी त्यांना बुलढाण्याला नेले. डॉक्टरांना दोन्ही पुड्यांचे लगेच सांगितले. नातेवाइकाशिवाय आत थांबू देत नव्हते. मी बहीण असल्याचे सांगितले. ते खोटे आहे. दोन दिवस त्यांच्याजवळ होते. त्या अजून शुद्धीवर नाहीत.

आज त्यांचा मुलगा गोकुळ सुरतहून आला. “माह्या मायले बहीणच नाही. तुमी कोन?” असे त्याने विचारले. मी नाव सांगितले. त्याने ते कधी ऐकलेले नव्हते.

वरील मजकूर मला वाचून ऐकवला. मी बोलले तसाच उतरला आहे.

गोकुळला देण्यासाठी ठाण्यात जमा केले: मंजुळाबाईंची पिशवी, चष्मा, शाल, खिरीची वाटी धुतलेली, आणि अतिदक्षता विभागात रोग्याजवळ थांबण्याचा पास, एक.