विनाझटक्याचा गिअर

नाही, पण मी म्हणतो, झटका कुठाय? तुम्हीच सांगा! बेचाळीस वर्षं आमच्या गावची शिमग्याची पालखी या खांद्यावर निघाली, पुढचा दांडा, उजवी बाजू, आणि तो दांडा सुटताना माणसाला एक झटका तरी बसायला नको? मला नको, गावाला! पण... थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर म्हणाल येसाजीनं सकाळीच लावलीय.

तर गुडघे गेले. गावकी बसली आणि तुकाराम गुरव मान वाकडी करून म्हणतो, "दादा, यंदा पुढचा दांडा विनेशला द्यायचा." विनेश म्हणजे माझाच पोरगा, पनवेलला ट्रक चालवतो, सणाला ट्रक घेऊनच गावी येतो, माझ्यापेक्षा वीतभर उंच. तुकारामाचा काटा मला ठाऊक हाय हो! दरवर्षी त्याच्या दारात आलो की मी मुद्दाम गुडघा वाकवायचो, पालखी खचकन खाली, पुढचे बोंबलायचे, मागचे शिव्या घालायचे आणि ओवाळताना दचकणाऱ्या तुकारामाचा फेटा आरतीच्या ताटात! वर्षाचं एवढंच तर सुख. मी म्हटलं देतो दांडा, पण ढोल थांबवायचा, माझं नाव घ्यायचं, येसाजी सुटला हे साऱ्या गावाला कळलं पाहिजे. तर हा म्हणतो, "दादा, दोन घरांमधी पालखी थांबत न्हाय, टेकत न्हाय, तुमाला ठाव न्हाय व्हय?"

ठाव हाय रे बाबा! म्हणून तर मी मनात बेत केला... पण त्याआधी केतन सांगायला हवा. केतन माझा पुतण्या, पुण्याला, कसल्याशा कारखान्यात मोटरसायकलचे गिअर बनवतो, शिमग्याला आला. ओटीवर बसून मोबाइलवर शर्यत बघतोय. गाड्या अशा आडव्या झोपलेल्या, पोरांचे गुडघे रस्त्याला घासतायत, आणि हा मला म्हणतो, "काका, आत्ता गिअर पडला, कळलं?"

मी म्हटलं, कुठं पडला? आमच्या जुन्या गाडीवर दुसऱ्याचा तिसरा टाकला की मागं बसलेल्या ठमीचं कपाळ माझ्या पाठीवर धाडकन! बायको माझी, गप्प बसली की मी उगाच गिअर बदलायचो, लगेच बोलायला लागायची. आणि इथं? गाडी सुं करून गेली. झटका? शून्य!

केतन सरसावून बसला. "काका, साध्या गाडीत जुना गिअर सुटतो, मग नवा धरतो. मधल्या क्षणाला इंजिन चाकाला ओढतच नाही. गाडी वळणावर झोपलेली असताना ओढ तुटून परत आली की मागचं चाक सटकलंच. म्हणून शर्यतीच्या गाडीत जुना सुटायच्या आधीच नवा धरतो."

"म्हणजे दोघं एकदम? अरे, मोडेल की!"

"मोडेल ना! जुना अडून बसला तर आत चुरा. म्हणून जुन्याचे दात असे केलेत, की नव्यानं ओढायला घेतलं की जुन्यावर उलटा रेटा येतो आणि दात आपोआप मिटतात."

"आणि त्या जुन्याला कोण सांगतं, बाबा सुट म्हणून?"

"कोणी नाही, काका. त्याचं त्यालाही कळत नाही."

मी हसलो हो! म्हटलं, काय मूर्ख गिअर आहे! आम्ही असे नाही सुटणार!

झालं, पालखी निघाली. देवळापुढचा चढ लागला, विनेश आला, माझ्या मागं दांड्याखाली खांदा घातला. "बाबा, सोडा आता." मी? मी कशाला सोडतोय! बेत होता तुकारामाच्या दारापर्यंत जायचं, शेवटचा गुडघा वाकवायचा, पालखी खचकन, फेटा ताटात, आणि मग सुटायचं, म्हणजे दहा वर्षं गाव नाव काढील! एका दांड्याला दोघे बापलेक, त्याचा पाय माझ्या टाचेवर, पालखी डुगडुगतेय, मागचे ओरडतायत, "आरं, पुढं झालं काय?" आणि बाजूनं केतन मोबाइल धरून नाचतोय, "काका, दोन गिअर अडकलेत! चुरा होईल, चुरा!"

मी म्हटलं होऊ दे! दात घट्ट! आलं तुकारामाचं दार. तो ताट घेऊन उभा, एक डोळा माझ्या गुडघ्यावर. मी देवाचं नाव घेतलं आणि वाकवला गुडघा, असा वाकवला...

आणि बसलो. गुलालात. एकटाच!

पालखी आपली वर, माझ्या डोक्यावरून पुढं! विनेशनं चढावर जोर लावला तेव्हाच दांडा माझ्या खांद्यावरून उचलला गेलेला, आणि मी दहा-बारा पावलं वारा वाहत होतो, वारा! फेटा जागच्या जागी, आणि तुकाराम वरून म्हणतो, "दादा, वाटंत कशाला बसलाव? सरका, मागनं ढोल येतोय."

घरी आलो तर ठमी विचारते, "खांदा कवा बदललाव वो? मी दारातच हुती, दिसलं न्हाय." केतननं मोबाइलवर दाखवलं. चार वेळा बघितलं, चष्मा पुसून बघितलं. मी नक्की कुठं सुटलो ते माझं मलाच सापडेना! मी खाली बसलो तरी पालखीवरचं एक फूल हललेलं नाही. केतन म्हणतो, "काका, एक नंबर गिअर."

मला चैन पडेना हो. म्हटलं कुणाला तरी झटका बसलाच पाहिजे! जुनी गाडी काढली, किका मारमारून घाम फुटला, सुरू केली, म्हटलं ठमे, बस मागं, म्हसळ्याला जाऊन येऊ, तिसरा टाकतो दणकून!

तर ठमी पदर खोचत म्हणते, "तुमी व्हा फुडं. मी इनेशच्या ट्रकातनं येते."

पडला बघा इथंही गिअर... आणि झटका? शून्य!