दोरीवरचे बोंबील

परवा आईने मला फोनवर गप्पच केलं. मी पुण्यात इंग्रजी शिकवते, ती झाईला, आमच्या किनाऱ्यावरच्या गावी, बोंबील सुकवते. सहज म्हटलं, "आज वर्गात 'थ्रो कॉशन टू द विंड' शिकवलं."

"म्हणजे काय गं?"

"धोका दिसत असूनही बेफिकीर वागणं."

"म्हणजे आभाळ भरून आलं तरी बोंबील दोरीवरच ठेवायचे?"

"अगदी बरोबर! पण झाईत असं कोण करतं?"

"मी केलंय. सगळा माल भिजून कुजला."

"तू? होतीस कुठे?"

"एसटी स्टॉपवर. तू पहिल्यांदा पुण्याला निघालीस तेव्हा. गाडी गेली, पण माझा पाय निघेना."

मग तीच म्हणाली, "आता येशील तेव्हा आधी कळव. बोंबील उचलूनच स्टॉपवर येईन."