चुलीचे तीन दगड

मी शेवंता. माहेर माझं रामटेककडचं. आमच्याजवळ ना शेत ना वाडी, माय-बाप लोकाच्या बांधीत धानाचे रोपं लावाले, रोवन्याले जात, अन् मी त्यायच्या मागं मागं चिखलातच वाढली. लग्न झालं तेही रोवन्याच्याच लोकात. आता तुमी एवढ्या आपुलकीनं विचारून राहिल्या म्हनून सांगते ताई, नाही तर आमच्यासारख्याची काय कहानी, चूल मांडाची, चूल सोडाची, झालं.

पन त्या चुलीचंच सांगाचं आहे मले. आमच्यात रीत अशी का, एका गावाहून दुसऱ्या गावाले कामाले निघालो तर भांडे-कुंडे सारं न्याचं, पन चुलीचे तीन दगड तिथंच ठेवाचे. मागाहून येनारा मानूस ते पाहते अन् समजते का आपले लोक सुखरूप आहेत, इथंच जवळपास कुठी गेले असतीन. मंग तो लोकायले विचारत विचारत येते. अन् घरातलं सारंच संपलं, कोनी उरलंच नाही, तर संगतीचे लोक दगड उचलून टाकतात. दगड नसले का मंग कोनाले काही विचाराचं नाही, मेलेल्याले तरास होते म्हनतात. डोकं भादराचं अन् चाललं जाचं. खरं का खोटं देव जाने, पन माह्या सासूचा या गोष्टीवर लय विश्वास, अन् तिच्या पोराचाही.

नागपुरात आलो तं नाल्याच्या काठानं झोपडी टाकली. ते पाडली. मंग सदरमंधी चर्चच्या भिंतीले लागून पन्नी बांधली, अन् तिथंच माही राणी चालाले शिकली. तिचा बाप ठेकेदारासंग दूर पुलाच्या कामावर चालला गेला. जाताना म्हने, माह्याजवळ फोन-बिन काही नाही, तू इथंच राहाजो, अन् कोनी हाकललंच तर दगड ठेवजो, मी हुडकून काढीन तुमाले. राणीच्या गालाचा पापा घेतला अन् गेला. मी म्हटलं जा, मी कुठी जाते!

तो गेला तो गेलाच. पोरगी मोठी होत गेली. एकदा पानी असं आलं का सासू रातभर राणीले डोक्यावर धरून उभी राहिली. सकाळी फादर बाहेर आले, बुढीले पाहून त्यायच्या डोळ्यात पानी आलं, म्हने आतंमंधी या, हॉलमंधी झोपा. पन हॉल म्हनजे काही घर नाही. घर कोन देते ताई? फुटपाथवरचे लोक म्हटलं का घरमालक दारातूनच हात जोडते. मंग फादरनं जरीपटक्याकडच्या विहारातल्या वंदनाताईले सांगितलं, अंगनवाडीतून रिटायर झालेली बाई, लय खमकी. ती विहाराजवळच्या एका घरमालकाले म्हने, यायची जबाबदारी माही, हे काही चुकले तर मले बोलजा. अन् गुरुद्वाऱ्याच्या सरदारजीनं पलंग देल्ला, गॅस देल्ला, सामान न्याले टेम्पो देल्ला. कोन कोनाचे हो आमी? ना जातीचे, ना धर्माचे. तरी आमच्या एका खोलीसाठी तिघं तीन दिशेनं धावले.

निघाच्या दिवशी सासूनं सारवावं तशी जागा झाडली, तीन दगड नीट मांडले, राख तशीच ठेवली. कोपऱ्यावरच्या चहावाल्या चाचाले सांगून ठेवलं का माहा पोरगा आला तर विहाराचा पत्ता देजो. मी, बुढी अन् पोरगी पहिल्या फेरीत गेलो. मागचं सामान वंदनाताई अन् चर्चच्या बाया घेऊन येनार होत्या.

खोली पाहून सासू उंबरठ्यावरच बसली, भिंतीवरून हात फिरवे अन् रडे. राणी म्हने, आजी, दरवाजा लागते वं! दिवसभर उघडे अन् लावे, उघडे अन् लावे. मले वाटलं, आता फक्त एक मानूस याचा राहिला.

जुन्या सामानाचे बोरे विहाराच्या गच्चीवर ठेवले होते. थंडी पडली तवा गोधडीसाठी एक बोरा सोडला अन् माहा हात दगडाले लागला. काळे, राखेचे. तिन्ही. मी एकेक करून बाहेर काढले. वंदनाताई हासत आली, म्हने अवं, ज्याच्यावर इतके दिवस पोट भरलं ते दगड रस्त्यावर काहून टाकाचे, म्हनून मीच भरले बोऱ्यात. काय सांगू तुमाले ताई, इतके चांगले लोक का त्यायचा रागही नीट येत नाही. मी आमची रीत सांगितली तं बाईचं तोंड पांढरंफटक पडलं.

तशीच निघाली मी, दगड घेऊन, सासू मागं मागं. सदरले गेलो तं रस्ता सारा खोदलेला, चाचाची टपरी हटवलेली. झाडाखाली एक नवीन न्हावी बसून होता. त्याले विचारलं, इथं कोनी आलं होतं का बाप्पा? तो म्हने, हो, दिवाळीच्या आगंमागं एक मानूस आला होता. भिंतीजवळ बसला, जमिनीवर हात फिरवत राहिला. मंग माह्याकडे येऊन म्हने, डोकं काढ, मिशीही काढ. मी विचारलं, कोन गेलं गा? म्हने, सारेच गेले, माय, बायको, पोरगी. सासूनं विचारलं, दिसाले कसा होता? न्हावी म्हने, ते काही ध्यानात नाही बुढे, पन हातावर भागाबाई असं गोंदलं होतं.

भागाबाई म्हनजे माही सासूच.

न्हाव्यानं पेटीतून एक फ्राक काढला. तो मानूस देऊन गेला म्हने, एखाद्या गरिबाच्या पोरीले घाल म्हने. लाल फ्राक, एवढासा. त्याच्या डोळ्यापुढं राणी तेवढीच राहिली होती ना ताई. माही पोरगी शाळेत जाऊन राहिली, अन् तिच्या बापानं चालाले शिकलेल्या पोरीचा फ्राक आनला. कधी कधी वाटते ओरडावं, अरे बह्याडा, एक पाऊल चर्चच्या फाटकात टाकलं असतं, फादरले विचारलं असतं! पन आमच्यात विचारत नाहीत.

सगळ्यायनं हुडकला त्याले. सरदारजीनं गुरुद्वाऱ्या-गुरुद्वाऱ्यात फोन लावले, लंगरमंधी येते का पाहा म्हने. नाही सापडला. सासू त्याच थंडीत गेली. छताखाली गेली, पलंगावर गेली, तिले खांदा द्याले विहाराचे पोरं, चर्चचे पोरं, सरदारजी, सारे होते. एक पोटचा पोरगा नव्हता. त्यानं तर तिच्या नावाचं डोकं आधीच भादरून घेतलं होतं.

फादरनं फाटकाजवळ, रस्त्यावरून दिसन अशी जागा देल्ली, तिथं ते दगड मांडले. नुसत्या दगडानं भागत नाही, थंडी चूल म्हनजे मेलेलं घर. म्हनून कधी मी जाते, कधी वंदनाताई विहारातल्या बाया घेऊन जाते, रविवारी चर्चच्या बाया चहा मांडतात, काड्या सरदारजी पाठवते. वंदनाताई अजून फुकनी मारता मारता रडते. मी म्हनते, धूर लागला का ताई? ती म्हने, हो वं, धूर.

मी कुंकू लावते. त्यानं माहं सुतक पाळलं, मी त्याचं कुंकू लावून राहिली. फ्राक खुट्टीले टांगला आहे, राणी विचारते का हा कोनाचा, मी म्हनते तुहाच.

तुमी गावोगाव फिरता, तुमच्या लेकरायले सुखी ठेवो देव. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पन आज घेते. देवराव. हातावर भागाबाई गोंदलं आहे, केस आता वाढले असतीन. दिसला तर माय गेली हे सांगू नका, ते मी सांगीन. त्याले एवढंच सांगजा, चूल पेटून राहिली म्हना.