वटवाघळाची धून

ताई: हे काय, अर्धंच डोकं कापून आलास?

धाकटा: डोक्याचं सोड. खालच्या सलूनवाल्याला तू आपली धून ऐकवलीस?

ताई: मी त्याच्याकडे केस कापत नाही.

धाकटा: ताई, सरळ उत्तर दे.

ताई: नाही ऐकवली. आणि दारातून ओरडू नकोस, आत ये. जपून! तो कागद तुडवशील, त्यावर अख्खं पोलीस ठाणं काढलंय.

धाकटा: माझ्या कानाशी कात्री चालवत तो शिट्टी वाजवत होता. आपली शनिवारची धून! आपल्या तिघांशिवाय कुणाच्या कानावर पडलेली नाही ती. गिटारवाल्यानं सख्ख्या बायकोला ऐकवली नाही. बिचारा न्हाणीघरात नळ सोडून सराव करतो.

ताई: दुसरी कुठली तरी असेल.

धाकटा: मी ड्रम वाजवतो. तिसऱ्या ठोक्यानंतर जरा लंगडते ना, ती चाल झोपेतसुद्धा ओळखीन. गळ्यात फडकं तसंच ठेवून उठलो नि विचारलं, मामा, ही कुठून उचललीत? म्हणाला, पोरगी पियानो शिकते, तिच्या बाईंनी शिकवली. बाईंनी कुठून आणली? म्हणे, साप्ताहिकातून.

ताई: हं.

धाकटा: ‘हं’ नको. हे बघ, शेवटचं पान. काय आहे?

ताई: माझी चित्रकथा.

धाकटा: या चौकटीत?

ताई: वटवाघूळ उलटं लटकून क्लॅरिनेट वाजवतंय.

धाकटा: त्याच्यासमोर?

ताई: कागद.

धाकटा: कागदावर?

ताई: पाच रेघा. आणि सूर.

धाकटा: कुठले सूर?

ताई: आता ते वाजवतंय म्हटल्यावर काहीतरी वाजवायला नको का?

धाकटा: चार टिंबं टाकायची कुठेही, त्यांना शेपट्या जोडायच्या! सगळे चित्रकार तेच करतात.

ताई: त्यांना वाजवता येत नाही म्हणून करतात. माझ्याच्यानं खोटे सूर काढवत नाहीत. हात अडतो.

धाकटा: म्हणून खरे काढलेस! हात दाखवून अवलक्षण!

ताई: गुरुवार होता रे. तालीम संपवून दार उघडलं तर संपादकांचा माणूस पान न्यायला जिन्यात बसलेला. डोक्यात धून, हातात ब्रश. मला वाटलं, नखाएवढ्या कागदावरचं कोण वाचत बसणार आहे.

धाकटा: पियानोच्या बाई! भिंग लावून! चित्रातली धून खरोखर वाजते म्हणून त्यांना इतका आनंद झाला, की सगळ्या पोरांना घरी सरावाला दिली. आता शनिवारी आपण स्टेजवर उभे राहणार, ‘सादर आहे आमची नवीकोरी धून’ म्हणणार, आणि तिसऱ्या रांगेतून सलूनवाला आपल्या आधी ती संपवणार! वर लोक म्हणतील, साप्ताहिकातून चोरली. हसू नकोस!

ताई: मी कुठे हसतेय?

धाकटा: नाकातून हसतेयस. हे नेहमीचं झालंय. परवा तालमीत तुझी जागा आली, मी ठेका धरून वाट बघतोय, आणि तू गिटारवाल्याचं नाक काढत बसलेली.

ताई: अवघड नाक आहे. बाजूनं एक दिसतं आणि समोरून भलतंच.

धाकटा: नि चित्र काढताना पायानं ताल धरतेस. परवाच्या पानावरची इमारत बघ, भूकंप झाल्यासारखी आलीय. दोन दगडांवर पाय ठेवून किती दिवस उभी राहणार? काय ते एक ठरव. ब्रश, नाहीतर क्लॅरिनेट.

ताई: पडत्या फळाची आज्ञा. क्लॅरिनेट सोडते.

धाकटा: काय?

ताई: तू विचारलंस, मी सांगितलं.

धाकटा: असं लगेच सांगतात का? मी तुला विचार करायला वेळ देणार होतो! शनिवारी कोण वाजवणार मग?

ताई: सलूनवाल्याला विचार. त्याला पाठ आहे.

धाकटा: थट्टा करतेयस.

ताई: अर्धी. गुरुवार आला की मी दोन्हीकडे चोरासारखी वावरते. तालमीत बसले की पान डोळ्यांसमोर, पानावर बसले की तुमची तालीम कानात. कुणालाच पुरी पडत नाही. हे तोंडातून काढायची मलाच भीती वाटत होती. तू बोललास, बरं झालं.

धाकटा: अगं, मी रागानं बोललो.

ताई: राग खराच होता की.

(आई कोपरानं दार ढकलून आत येते. तोंडानं काहीतरी गुणगुणते आहे.)

धाकटा: आई, तूसुद्धा?

आई: मीसुद्धा काय? आणि हे डोकं कसलं? बांधकाम अर्ध्यावर टाकून मुकादम पळून गेल्यासारखं!

धाकटा: काय गुणगुणतेस?

आई: खालची पोर सकाळ-संध्याकाळ बडवते ती. गोड आहे हो. तुम्ही तिघं दारं लावून वाजवता, त्याच्यापेक्षा उजवी.

धाकटा: आमची तू ऐकलीस?

आई: दारं लावली म्हणून भिंतींचे कान बुजतात होय?

ताई: थांब, थांब. त्याच्यापेक्षा उजवी? म्हणजे ही वेगळी आहे?

आई: नाहीतर काय! तुमची आधी टेचात चढते नि मग गुमान उतरते. तावातावानं भांडायला गेलेला माणूस शेपूट घालून परत यावा, तशी. ही उतरते आधी, मग चढत जाते आणि वरच थांबते.

ताई: पुन्हा म्हण बरं. सावकाश. … ते पान इकडे आण. आता उलटं धर. असं नाही, खालची कड वर.

धाकटा: धरलं. वटवाघूळ सरळ झालं.

ताई: सूर वाच.

धाकटा: मला सूर कुठे… थांब. चढतेय. आणि मग उतरतेय. ही आपली.

ताई: वटवाघूळ उलटं लटकलंय, तर त्याचा कागद त्याच्या बाजूनंच लावायला हवा. नाहीतर ते वाचणार कसं?

आई: हे बाकी खरं.

ताई: बाईंनी पान आपल्यासारखं सरळ धरून वाचलं. म्हणजे शेवटचा सूर आधी आला, वरचा खाली गेला, खालचा वर. सुरुवातीची खूण पंखाआड गेली होती, त्यामुळे त्यांना शंकासुद्धा आली नसेल. आपली धून जशीच्या तशी कुणाच्याही हाती लागलेली नाही.

धाकटा: मग मी कशी ओळखली?

ताई: तू सूर ऐकतोस कधी? ठेका ओळखलास. तो दोन्ही टोकांकडून सारखाच आहे. तुझ्यासाठीच तसा बांधला होता. मध्येच हरवलास, तरी कुठून तरी सापडावास म्हणून.

आई: लहानपणी बाजारात असाच हरवायचा. वर लोकांना सांगायचा, माझी आई हरवलीय.

धाकटा: ते राहू दे. आई, पुन्हा एकदा म्हण ना. … ताई.

ताई: बोल.

धाकटा: ही खरंच बरी आहे गं.

ताई: आहे.

धाकटा: शनिवारी आधी आपली वाजवू आणि तिच्या पाठीला पाठ लावून ही. एक चढून उतरेल, दुसरी उतरून चढेल. मग वाजवू दे सलूनवाल्याला शिट्टी! सगळ्या हॉलनं वाजवू दे!

ताई: वाजवा की. फक्त वटवाघळाची परवानगी घ्या. धून त्याची आहे.

धाकटा: म्हणजे तुझी.

ताई: माझी कशी? नुसतं क्लॅरिनेट घेऊन बसले असते तर ही कधी सुचली नसती. आणि मला वाजवता येत नसतं, तर तू म्हणालास तशी चार टिंबं टाकून मोकळी झाले असते.

धाकटा: कळलं. एकच ठरव म्हणालो, ते मागे घेतो.

ताई: पण मी तर ठरवून बसलेय.

आई: काय ठरवलंयस?

धाकटा: क्लॅरिनेट सोडतेय.

आई: का म्हणून?

धाकटा: मी सोडायला सांगितलं.

आई: त्या सलूनवाल्यानं केसांबरोबर अक्कलही कापली वाटतं.

धाकटा: मग काय करू, साष्टांग नमस्कार घालू? ताई, सांग, काय केलं म्हणजे राहशील?

ताई: गुरुवार सोड.

धाकटा: गुरुवार?

ताई: गुरुवारी माझं पान जातं. तालीम दुसऱ्या कुठल्याही वारी ठेव.

धाकटा: बस्स? एवढंच होतं तर आधी सांगायचंस!

ताई: आधी सांगितलं असतं तर म्हणाला असतास, तुझ्या एका वटवाघळासाठी आम्ही वार बदलायचा?

धाकटा: … म्हणालो असतो.

ताई: मग?

धाकटा: बुधवार. गिटारवाल्याला मी पटवतो. पण त्याचं नाक काढणं बंद.

ताई: तालमीत बंद.

आई: झाली ना तडजोड? मी चहा टाकते. तू आधी खाली जाऊन डोक्याचा निकाल लावून ये.

धाकटा: जातो गं. ताई, आता काय काढतेयस?

ताई: पुढच्या आठवड्याचं पान. वटवाघळाच्या साथीला कुणीतरी हवंय. अजून ठरत नाही.

धाकटा: ड्रमवाला घे ना.

ताई: घेतला असता. पण त्याचे हात कसे पडतात ते बघावं लागेल. खोटे काढवत नाहीत मला.

धाकटा: या टेबलावर वाजवून दाखवू?

ताई: दाखव. पण हळू. शाई ओली आहे.