बन्सीधररावांच्या डब्याचं अकरावं भोक

आजच्या या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या गावच्या तंटामुक्ती समितीचे माजी अध्यक्ष, आदरणीय योगीराज आण्णा; व्यासपीठावर विराजमान झालेले व्यापारी मंडळाचे पदाधिकारी; ज्यांच्यासाठी आपण इथं जमलो ते सत्कारमूर्ती, ‘राजेश्री मोबाइल’चे मालक बन्सीधरराव; ज्यांच्या नावावर ते दुकान चाललं त्या सौ. राजेश्रीवहिनी, पुढच्या रांगेतले ज्येष्ठ, मागच्या रांगेत खाली मान घालून मोबाइल बघणारे तरुण, आणि दाराशी उभं राहून पंगत कधी बसते याचा अंदाज घेणारे माझे मित्र... सर्वांना या वैजीनाथचा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. आण्णा, चिठ्ठी पाठवायची तसदी घेऊ नका, मी जास्त घेणार आहे. वीस वर्षं ताडकळसच्या बाजारात माझं आणि बन्सीधररावांचं दुकान समोरासमोर आहे. मी शटर उचललं की त्यांचं उचललेलं दिसायचं. त्यांनी उदबत्ती लावली की वास माझ्या दुकानात यायचा. उद्या सकाळी ते पूर्णेहून गाडीत बसतील आणि लेकीकडे, पंकजाकडे, कायमचे संभाजीनगरला जातील. जाणाऱ्या माणसाबद्दल चांगलंच बोलायची आपल्याकडं रीत आहे. पण याच गावात काही लोक आजही त्यांना ‘नक्कलवाला’ म्हणतात. तो शब्द बरोबर घेऊन त्यांनी गाडीत बसावं, हे मला चालणार नाही. का चालणार नाही, ते आज बोललो नाही तर पुन्हा कधी बोलायचं?

थोडं मागं जातो. नऊ-दहा वर्षांपूर्वी परदेशात मोबाइलच्या दोन बलाढ्य कंपन्यांचा कोर्टात झगडा चालला होता, आठवतं का? पेटंटचा झगडा. फोनचे कोपरे गोल पहिल्यांदा कुणी केले, पडदा बोटानं सरकवायची युक्ती कुणाची, यावर मोठमोठे वकील उभे होते. योगायोग असा, की त्यातल्या एका कंपनीचे फोन मी विकायचो आणि दुसरीचे बन्सीधरराव. मग काय विचारता! पप्पूच्या हॉटेलात दोन पार्ट्या पडल्या. ज्यानं माझ्याकडून फोन घेतला तो माझ्या कंपनीचा, ज्यानं त्यांच्याकडून घेतला तो त्यांच्या कंपनीचा. ज्यांच्याकडं साधा बटनाचा फोन होता तेसुद्धा तावातावानं भांडायचे. पप्पू एकदा चहा गाळता गाळता म्हणाला, “माह्या आज्याची चुन्याची डबी गोल कोपऱ्याचीच व्हती. त्यानं कुणावर दावा लावला न्हाई, तुमी कशाला घसा कोरडा करायलाव?”

सगळे हसले. मी हसलो नाही. मी त्या हॉटेलात उभा राहून भाषण ठोकलं होतं, ऐकलेले बरेच जण इथं आहेत. “डोकं एकानं चालवायचं अन् नाव दुसऱ्यानं कमवायचं, याला चोरी म्हणतात! कंपनी असो का माणूस, चोराला माफी नाही!” बाकावरून टाळ्या पडल्या होत्या. बन्सीधरराव कोपऱ्यात बसून बशीतला चहा पीत होते. त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पुन्हा बशीत पाहिलं.

त्या पाहण्याचा अर्थ तेव्हा फक्त मला कळत होता. तो आज सगळ्यांना सांगतो, गोष्ट त्या भाषणाच्या आधी सुरू होते.

आपल्या भागातले लोक दसरा-दिवाळी झाली की ऊस तोडायला जातात. सहा महिने फडाशेजारी पाचटाची कोपी करून राहायचं, लेकरं इकडं म्हाताऱ्यांपाशी. लेकराचा आवाज ऐकायचा तर फोनवर. पण कोपीत कुठली आली लाईट? टोळीतले दहा फोन बंद पडलेले असायचे. दगडाबाई समोरच बसल्या आहेत, त्या सांगतील. त्यांचा नातू तापानं फणफणला होता आणि यांना तीन दिवसांनी कळलं, कारण फोन बंद. परत आल्यावर त्या बन्सीधररावांच्या दुकानात हे सांगून रडल्या. त्या वेळी दुकान माझंही उघडं होतं. मी फक्त ऐकलं. बन्सीधरराव कामाला लागले.

त्यांनी एक डबा केला. ट्रॅक्टरच्या बॅटरीला दोन चिमटे लावायचे, की डब्याच्या दहा भोकांतून निघालेल्या दहा वायरींवर दहा फोन चार्ज. जाड पिन, बारीक पिन, सगळ्या प्रकारच्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आपली वायर कळावी म्हणून प्रत्येकीला वेगळ्या रंगाचं नेलपॉलिश लावलेलं. ते नेलपॉलिश राजेश्रीवहिनींचं होतं, बरं का! वहिनींनी वर्षभर नखं रंगवली नाहीत.

पुढच्या हंगामातून परत आल्यावर दगडाबाई तो डबा घेऊन माझ्याकडं आल्या. एक पिन तुटली होती आणि नेमकं त्या दिवशी समोरचं दुकान बंद होतं. पाच मिनिटांचं काम. मी डबा उघडला आणि तासभर बसलो. शेवटी बाई म्हणाल्या, “भाऊ, लय येळ लावायलास. पिन बसवायलास का नकाशा काढायलास?”

बाई, मी नकाशाच काढत होतो. मोबाइलच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर.

महिनाभरात माझ्या दुकानात तसेच डबे आले आणि शटरवर पाटी लागली, ‘ऊसतोड चार्जिंग डबा, मूळ संशोधक वैजीनाथ’. पाटी बन्सीधररावांच्या दुकानासमोर. त्यांच्या दुकानाला पाटी नव्हती. लोक पाटी वाचतात, महाराज! लोक म्हणायला लागले, बन्सीधर वैजीनाथची नक्कल मारतो. राजेश्रीवहिनी खवळल्या, आणि बरोबर खवळल्या. त्यांनीच अर्ज दिला आणि प्रकरण तंटामुक्ती समितीपुढं गेलं.

आण्णा, तुम्ही त्या दिवशी न्यायाला बसला होता. टेबलावर दोन डबे होते. एक बन्सीधररावांचा, पहिलावहिला, दगडाबाईंनी आणून दिलेला. दुसरा माझा. सगळं गाव दाटीनं उभं. दगडाबाई दाराशी होत्या, पण त्यांना कुणी काही विचारलं नाही. बाईमाणसाला यंत्रातलं काय विचारायचं, असं आपल्याला वाटलं. आपली अक्कल!

तुम्ही दोन्ही डबे फिरवून फिरवून पाहिले आणि मला विचारलं, “वैजीनाथ, वायरी दहा हायेत. मग हे अकरावं भोक कशाचं?”

खरं सांगू? मला माहीत नव्हतं. त्यांच्या डब्याला खालच्या बाजूला, डाव्या कोपऱ्यात एक रिकामं भोक होतं. मी पट्टीनं मापं घेतली तेव्हा त्याचंही माप घेतलं. असेल काही कामाचं, म्हणून पाडलं. माझ्या प्रत्येक डब्याला पाडलं. आणि गिऱ्हाइकानं विचारलं की सांगायचो, हे हवेचं भोक, यानं डबा गरम होत नाही. तेच तुम्हाला सांगितलं. “हवेचं हाय, आण्णा.”

मग तुम्ही बन्सीधररावांकडं वळलात. “अन् तुमच्या डब्याचं?”

त्यांनी दोन्ही डबे उचलले, उलटे केले. दोन्हीकडं भोक, त्याच जागी, केसाचा फरक नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. सभेतला प्रत्येक माणूस टाचा उंचावून त्यांच्याकडं बघत होता.

ते म्हणाले, “हवेचंच.”

झालं. आण्णा, तुम्ही फैसला दिलात, दोघांचीही अक्कल सारखीच चालली असेल, दोघांनीही डबे बनवावेत, भांडू नये. गावानं काय अर्थ काढला? पाटीवाला खरा. वहिनी रडत घरी गेल्या.

मी सगळे पांगेपर्यंत थांबलो आणि पाण्याच्या टाकीपाशी बन्सीधररावांना गाठलं. विचारलं, ते भोक खरंच कशाचं होतं? ते हात धूत होते. म्हणाले, “कशाचं न्हाई रं. माझं ड्रिल घसरलं व्हतं.” मग हात पुसत म्हणाले, “माझं घसरलं. तू मात्र लय मापून पाडलंस.”

हसा, हसा. मीही आज हसू शकतो. त्या दिवशी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. मी म्हणालो, मग बोलला का नाहीस? एका वाक्यात मी उघडा पडलो असतो. तर हा माणूस काय म्हणाला? “गुरुवारी ज्ञानेश्वरीचे पाहुणे यायलेत ना. सुपारी फुटू दे पोरीची. चोराची लेक म्हणून पाहुणे परत गेले, तर मला डबा काय कामाचा?”

ज्ञानेश्वरी, माझी लेक, त्यांना काका म्हणायची. गुरुवारी सुपारी फुटली. पंगतीत वाढायला बन्सीधरराव होते. वहिनी आल्या नाहीत. त्या नऊ वर्षांत माझ्या उंबऱ्याच्या आत आलेल्या नाहीत, आणि ‘माझा नवरा भरसभेत घाबरला’ हे दुःख त्यांनी मनात ठेवलं. वहिनी, ते घाबरले नव्हते. घाबरलेला माणूस मी होतो. त्यांनी घरातसुद्धा खरं सांगितलं नाही, कारण तुम्ही ते गावभर केलं असतं, आणि ते योग्यच झालं असतं.

मग लग्न झाल्यावर मी पाटी का काढली नाही? स्वतःला म्हणायचो, आज काढू, दिवाळीला काढू, रंग उडाला की काढू. रंग उडाला तेव्हा मी नवीन रंग मारून घेतला. माणूस असा असतो. बन्सीधरराव रोज सकाळी ती पाटी वाचून शटर उचलायचे, आणि माझं दुखणंखुपणं असलं की माझ्याच दुकानात येऊन माझंच गिऱ्हाईक सांभाळायचे. त्या मोठ्या कंपन्यांना असा शेजार मिळाला असता तर वकील उपाशी मेले असते.

आज उभं राहण्याआधी मी ज्ञानेश्वरीला विचारलं, कारण यात तिचंही नाव येतं. ती आता दोन लेकरांची आई आहे. ती म्हणाली, “बाबा, बोला. लय उशीर केलाव.”

म्हणून बोललो. आण्णा, मी तुमच्यासमोर न्यायाच्या टेबलावर खोटं बोललो, आणि माझी अब्रू झाकायला हा सरळ माणूस आयुष्यात एकदा खोटं बोलला. तंटामुक्तीच्या फैसल्यांच्या वहीत माझ्या नावापुढं काय लिहायचं ते लिहा. गावानं मात्र आजपासून ‘नक्कलवाला’ कुणाला म्हणायचं हे नीट ध्यानात ठेवावं. मी समोरच राहतो, सापडायला अवघड नाही.

भेटवस्तूंच्या टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं जे आहे ते घड्याळ नाही. ती माझ्या शटरवरची पाटी आहे. काल उतरवली. ‘मूळ संशोधक’ तसंच ठेवलंय, नाव तेवढं बदलून घेतलंय. बन्सीधरराव, पंकजाच्या घरी ती टांगा. टांगण्यासाठी वर मधोमध एक भोक मी पाडलंय. तेवढं एक कुणाचं बघून पाडलेलं नाही.

आपण शांतपणे ऐकलंत, मध्येच उठून मला मारलं नाहीत, याबद्दल आभारी आहे. बोलताना शब्द मागंपुढं झाला असेल तर सभेनं तो पोटात घालावा. नऊ वर्षांची चूक मात्र सभेच्या पोटात मावणारी नाही, तिची माफी एकाच घराकडं मागायची आहे. वहिनी, ज्ञानेश्वरी माहेरी आली आहे, तिनं चहाचं आधण ठेवलंय. तुमची गाडी उद्याची आहे. आज आमचा उंबरा ओलांडा.