मालगाडी जाईपर्यंत

आमचे पणजोबा शिवणकामाला म्हणून इकडं बेंगळुरात आले नि चामराजपेटेतच राहिले, म्हणून आमची मराठी घरापुरती, उंबऱ्याबाहेर कन्नड. घराच्या मागच्या भिंतीपलीकडं रूळ. काय सांगू तुम्हाला, गाडी आली की आमच्यात माणूस बोलता बोलता थांबतो, घास हातात तसाच, आणि गाडी गेली की त्याच शब्दापासून पुढं. पाहुण्यांना वाटतं, भांडण झालं.

पुस्तकात झुकझुक असतं, शेजारची पोरं चुकुबुकु म्हणतात, पण तसली गाडी मी काही ऐकली नाही. बायको बेळगावकडची, तिनं आल्यावर आपले शब्द केले. विजेवरची म्हैसूर गाडी म्हणजे सूंऽय, आली नि संपली. मालगाडी म्हणजे खडाड्-धम्, खडाड्-धम्, फळीवरची भांडी हलतात, संपता संपत नाही. लेकीला हिनं तसंच तोंडानं वाजवत भरवलं.

मी बोलणारा माणूस नव्हे. खरं सांगतो, जे जमत नाही ते मी मालगाडीच्या आवाजात बोलून घेतो. आमटी खारट झालीय, तुझ्या भावाशी मी वाईट वागलो, आज चांगली दिसतेस, सगळं त्यातच. ती विचारायची, काय म्हणालात? मी म्हणायचो, काही नाही, दोरा दे.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी मला नि लेकीला बाहेर बोलावलं, म्हणाले, आता औषधाचा उपयोग नाही, घरी न्या. लेक सर्जापूर रोडला असते, ती म्हणाली, पप्पा, आईला सांगूया. मी म्हणालो, नको, खचेल. शेजारच्या अक्कांना सांगितलं, दुकानातल्या कारागिराला सांगितलं, हिला नाही. गोळ्या थांबवल्या तर हिला कळेल म्हणून त्याही चालू ठेवल्या. स्वल्प दिवस घे, बरं वाटेल, असं म्हणायचो. ती घ्यायची, ओकायची, पुन्हा घ्यायची, माझ्या शब्दावर.

मला ते सोसेना. एका दुपारी मी काजं करत बसलो होतो, ती कॉटवर, मालगाडी आली नि मी सुरू केलं, डॉक्टरांनी हात टेकले गं, गोळ्या मी उगाच देतोय, आणि बोलतोय तोवर करकरत गाडीच थांबली, पुढं लाल सिग्नल असणार. मला थांबता आलं नाही. तू वाचत नाहीस, सगळ्यांना ठाऊक आहे, तुलाच नाही, एवढं त्या शांततेत बोलून गेलो.

ती म्हणाली, अक्कांना पण? मी म्हणालो, हो. कारागिराला? हो. मग मला कशाला गिळायला लावलंत? मी सुईत दोरा ओवायला लागलो. सरी, ठीक आहे, म्हणाली, नि भिंतीकडं वळली.

आता गोळ्या बंद आहेत. लेक आली की तिच्याशी बोलते, अक्कांशी हसतेसुद्धा. माझ्याकडं पाणीही मागत नाही, तिचं काही चुकत नाही म्हणा. मालगाडी आली की मी हातातली सुई खाली ठेवतो आणि तिच्या तोंडाकडं बघत बसतो, ओठ हलतात का. हलत नाहीत.