विधवेने ताब्यात घेतलेला माल

मी, मारुहा इनेस किमी लिंदाओ, वय ४४ वर्षे, शिक्षण समाजशास्त्राची पदवी, व्यवसाय कागदाच्या लगद्याचे पुतळे करून इंटरनेटवरून विकणे, राहणार 'सहा मार्च' नावाच्या रस्त्यामागची गल्ली, ग्वायाकिल, आज ठाण्यात आपणहून येऊन, सार्जंट तोमाला यांनी विचारले ते आणि न विचारलेलेही थोडे, खालीलप्रमाणे सांगते.

आमच्याच गल्लीतील दॉन ओल्गेर बाहान्या, वय ६७, नदीवरच्या टगबोटीचे निवृत्त तांडेल, यांची माझ्याविरुद्ध तक्रार आहे की मी त्यांना बँकेत मृत दाखवले. ते मृत नाहीत. हा जबाब टाइप होत असताना ते माझ्या डावीकडच्या बाकावर बसून सार्जंटच्या टेबलावरचा पंखा हळूहळू आपल्याकडे वळवीत आहेत. मी त्यांना कोठेही मृत म्हटलेले नाही. पण समोरच्याला तसे वाटेल असे काही माझ्या हातून पाठवले गेले का, हे मी चार दिवस स्वतःला विचारते आहे. म्हणून क्रमाने सांगते.

हा जबाब परदेशातल्या बँकेकडे जाणार असल्याने, इथे शेंबड्या पोरालाही माहीत असलेली गोष्ट लिहावी लागते. एकतीस डिसेंबरला आमच्याकडे घरोघरी सरत्या वर्षाचा पुतळा दारात बसवतात आणि मध्यरात्री जाळतात. पुतळा मंत्र्याचा असतो, खेळाडूचा असतो, कधी घरातल्याच माणसाचा असतो. त्या दिवशी दुपारपासून काही पुरुष काळा झगा आणि तोंडावर काळी जाळी घालून त्या वर्षाची विधवा होतात, मोटारी अडवतात, छाती पिटून रडतात आणि नाणी गोळा करतात. आमच्या गल्लीचा नियम असा की विधवेला कोणी ओळखायचे नाही. चपला ओळखीच्या असल्या तरी नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझ्या संकेतस्थळावर ऑर्डर आली. पुरुष, पूर्ण उंचीचा, आरामखुर्चीत झोपलेला, हातात टीव्हीचा रिमोट, पोट जरा वाढवून. सोबत दॉन ओल्गेर यांचा झोपेतला फोटो होता. नाव त्यांचे, पत्ता त्यांचा, कार्ड त्यांचे. कार्ड चालले, एकशे साठ डॉलर जमा झाले. बटण कोणाच्या बोटाने दाबले हे विकणाऱ्याला दिसत नाही. दॉन ओल्गेर यांच्या पत्नी दोन्या सोइला त्या घरातले लाइटबिलापासून कोंबडीपर्यंत सगळे याच कार्डावर आणतात, हे मला नंतर कळले. खरे सांगायचे तर आधीही अंदाज होता.

एकतीस तारखेला दुपारी मी स्वतः हातगाडीवर पुतळा घेऊन गेले. दारात विधवा उभी होती. तिने पुतळ्याच्या गळ्यात हात टाकले आणि टाहो फोडला, "अरे माझ्या राजा, मेलास तो मेलास, वर तुझं कफनसुद्धा तुझ्याच कार्डावर घ्यायला लावलंस!" गल्ली हसली. मग जाळीआडून हळूच मला विचारले, किती पडले. मी आकडा सांगितला. ती म्हणाली, "महाग लावलंस गं शेजारीणबाई. पण मेलेल्या माणसानं घासाघीस करायची तरी कोणत्या तोंडानं?"

मग विधवा पुतळ्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन थोडा वेळ गप्प राहिली. दम घेत असावी असे मला वाटले. माल पोचल्याचा पुरावा म्हणून फोटो काढायची माझी पद्धत आहे. फोटो मी तेव्हाच काढला. तोवर शेजाऱ्यांनी पुतळ्याच्या पायाशी फुले आणि मेणबत्त्या ठेवल्या होत्या, त्याही त्यात आल्या.

जानेवारीत बँकेने माझ्या खात्यातून ते एकशे साठ डॉलर आणि वर दंड काढून घेतला. दॉन ओल्गेर यांनी बँकेला कळवले होते की हा व्यवहार त्यांच्या परवानगीने झालेला नाही. बँकेच्या पत्रात म्हटले होते की कार्डधारकाची संमती विकणाऱ्याने सिद्ध करावी, नाहीतर नुकसान विकणाऱ्याचे. असा आणखी एक वाद झाला तर माझी कार्डाची सोय बंद होणार होती. माझी जवळजवळ सगळी विक्री कार्डावर होते. ती गेली तर मला दुकान मिटवावे लागेल. माल मी मागितल्याप्रमाणे केला, दिलेल्या पत्त्यावर पोचवला, आणि आता तो राख होऊन नदीला मिळाला होता. पण या नियमात चोरी कोणी केली हे विचारत नाहीत, दुकान कोणाचे एवढेच विचारतात.

मी दॉन ओल्गेर यांच्या खिडकीशी गेले. ते म्हणाले, "कार्ड माझं होतं. बोट माझं नव्हतं." हे अक्षरशः खरे असावे. मी म्हटले, पण त्या दिवशी विधवा तर म्हणाली की... त्यांनी विचारले, "कोणती विधवा?" गल्लीच्या नियमापुढे मला बोलता येईना. आतून दोन्या सोइला यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

तेव्हा मी बँकेला तो फोटो पाठवला आणि खाली लिहिले: माल पत्त्यावर पोचला, घरच्यांनी स्वीकारला, त्याच रात्री रीतीप्रमाणे दहन झाले, परत घेणे शक्य नाही. यातला प्रत्येक शब्द खरा आहे. मी तो मजकूर पाठवण्यापूर्वी दोनदा वाचला होता.

आठवड्याने पैसे परत आले. मला आधी बरे वाटले, मग मी बँकेचा मजकूर वाचला. बँकेने फोटोतला चेहरा कार्डधारकाच्या ओळखपत्राशी ताडून पाहिला होता. तो तंतोतंत जुळला. बँकेने कुटुंबाच्या दुःखात सहभागी असल्याचे कळवले होते आणि खर्च अंत्यविधीचा म्हणून ग्राह्य धरला होता. त्याच दिवशी दॉन ओल्गेर यांचे कार्ड बंद झाले आणि खाते वारस ठरेपर्यंत गोठवले गेले. त्यांचे पेन्शन त्याच खात्यात येते. त्यांना हे कोपऱ्यावरच्या माशाच्या सुपाच्या गाडीवर, सूप पिऊन झाल्यावर, कळले. बँकेला त्या फोटोत खरे दुःख दिसले याचा दोष मी बँकेला देत नाही.

ते पैसे मी खर्च केलेले नाहीत. जिवंत माणूस मेला असे समजून मिळालेले पैसे ठेवता येत नाहीत. परत केले तर संमती नव्हती असे मीच कबूल केल्यासारखे होते आणि दुकान जाते.

सार्जंट तोमाला यांनी मला विचारले की विधवा कोण होती. ते याच गल्लीत वाढले आहेत. विचारताना ते माझ्याकडे न बघता टाइपयंत्राकडे बघत होते. विधवा दॉन ओल्गेर असतील तर त्यांना सगळे ठाऊक होते आणि बँकेत ते खोटे बोलले. नसतील तर दोन्या सोइला यांनी नवऱ्याचे कार्ड चोरून वापरले. एकीकडे नवरा लबाड, दुसरीकडे बायको चोर, आणि मी गप्प बसले तर खोटा मजकूर पाठवणारी मी. मी सांगितले की तोंडावर जाळी होती, चेहरा पाहिला नाही. सार्जंटनी विचारले, "आणि चपला?" मी सांगितले की मी चेहराच बघत होते.

यावर दॉन ओल्गेर यांनी पंखा सोडला आणि म्हणाले, "पापणी कशाला पाडलीस, मुली?"

मला आधी समजले नाही. मग समजले. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला. तेव्हापासून त्यांची डावी पापणी पुरती मिटत नाही आणि पुरती उघडतही नाही. झोपेतल्या फोटोत ती अर्धी होती. मी पुतळ्यात ती तशीच केली. त्या पापणीवर माझी एक अख्खी संध्याकाळ गेली होती आणि ती जमली म्हणून मी खूश होते.

मी म्हटले, "फोटोत होती."

"फोटोत होती. पोट वाढवलंस, त्याचं मला काही नाही. पोट हसण्यासाठीच असतं. पण ते पुतळ्याचं तोंड मी जाळीतून इतक्या जवळून बघितलं..." इथे सार्जंटची बोटे थांबली. दॉन ओल्गेर यांनी रुमालाने मान पुसली. "म्हणजे विधवेनं बघितलं. तिनं मला सांगितलं. म्हणाली, ओल्गेर, तू गेलास की असाच दिसणार आहेस."

मग ते म्हणाले, "बँकेत पापणीच्या तक्रारीला खिडकी नाही. पैशाच्या आहे. म्हणून तिथं गेलो."

पापणी मिटवून टाकायला मला दोन बोटे लागली असती. फोटोशी प्रामाणिक राहताना मी फोटोतल्या माणसाला विचारले नाही. याला कायद्यात कलम आहे का, हे मी सार्जंटना विचारले. त्यांनी नाही सांगितले.

त्यानंतर दॉन ओल्गेर यांनी सांगितले, व ते माझ्यासमक्ष नोंदवले आहे, की त्यांच्या घरातले कोणतेही बोट त्यांचेच समजावे, पैसे विकणारीकडेच राहावेत, बँकेतली तक्रार ते मागे घेतात, माझ्याविरुद्धचीही मागे घेतात, आणि खाते तेवढे लवकर सुरू करावे, कारण सुपाच्या गाडीवर उधारी आहे. मी त्यांना विचारले की पापणीबद्दल मी काय करू. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी सोइलाचा कर. झोपलेली, घोरताना, तोंड उघडं." मी विचारले, ऑर्डर कोण देणार. ते म्हणाले, "मीच. तिच्या कार्डावर."

ती ऑर्डर मी दोन्या सोइला यांना समोर विचारल्याशिवाय घेणार नाही, हेही इथे लिहून घ्यावे.

हा जबाब सार्जंटनी मोठ्याने वाचला. विधवा गप्प राहिली त्या ओळीला दॉन ओल्गेर यांनी हात वर केला. सार्जंट थांबले. दॉन ओल्गेर म्हणाले, "राहू द्या. पुढं वाचा." त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली: वय ६७ लिहिले आहे ते ६६ वाचावे, वाढदिवस अजून यायचा आहे. ती मला मान्य आहे. बाकी जसे घडले तसे उतरले आहे, म्हणून खाली सही करते.

मारुहा इनेस किमी लिंदाओ

साक्षीदार: ओल्गेर बाहान्या, वय ६६, हयात.